दर दोन हजारला

इंजिन ऑइल किती किलोमीटरला बदलावं या विषयावर दिगंबरराव परचुऱ्यांशी वाद घालायची त्यांच्या सोसायटीत कोणाची टाप नव्हती. दोन हजार. गाडी कुठलीही असो, ऑइल कुठलंही असो, दोन हजार. वीजमंडळातून निवृत्त झालेला हा माणूस देवधर्माच्या बाबतीत ढिला होता, पथ्यपाण्याच्या बाबतीत तर निव्वळ बेशिस्त, पण ऑइलच्या बाबतीत कडक. खालच्या मजल्यावरच्या अनिरुद्धने एकदा भीत भीत विचारलं होतं, "काका, कंपनी तर जास्त सांगते ना?" त्यावर दिगंबरराव म्हणाले होते, "कंपनीला गाडी विकायची असते, तुम्हाला चालवायची असते. ठरवा काय ते." अनिरुद्धने मुकाट्याने ठरवलं.

खरं सांगायचं तर या दोन हजारामागे इंजिनाची काळजी होती तेवढीच आणखीही एक गोष्ट होती, आणि ती दिगंबररावांनी बायकोला, हेमाताईंनासुद्धा, कधी बोलून दाखवली नव्हती. ती गोष्ट म्हणजे त्यांची मुलगी स्वराली. एकुलती एक. कॉलेजात असताना सगळ्या मैत्रिणी स्कूटीवर फिरत होत्या तेव्हा हिने बापाजवळ मोटरसायकलचा हट्ट धरला, आणि बापाने तो इतक्या तत्परतेने पुरवला की हट्ट नक्की कोणाचा होता असा प्रश्न हेमाताईंना पडला. लग्न होऊन स्वराली विश्रांतवाडीला गेली. नोकरी हिंजवडीला. रोजची रपेट एवढी मोठी की दोन हजार किलोमीटर दोन महिन्यांत भरायचे, आणि भरले की रविवारी सकाळी ती गाडी घेऊन सदाशिव पेठेत हजर व्हायची.

सणावाराला ती यायचीच. पण तेव्हा ती आईची असायची, स्वयंपाकघरात असायची, नाहीतर फोनवर असायची. ऑइलचा रविवार मात्र दिगंबररावांचा. पार्किंगमध्ये ती स्टूल घेऊन बसायची, हातात पाना द्यायची, आणि जुनं ऑइल परातीत ठिबकत असताना बोलायची. ऑइल पूर्ण निथळू द्यावं लागतं, त्यात घाई करून चालत नाही, असं दिगंबरराव सांगायचे. आणि ते निथळून कधीच झालेलं असलं तरी उगाच आणखी थोडा वेळ थांबायचे. नोकरीत जीव रमत नाही हे तिने पहिल्यांदा तिथेच सांगितलं. लग्नाआधी केदारबद्दलही तिथेच सांगितलं होतं. त्या दिवशी दिगंबररावांच्या हातून नट परातीत पडला होता, आणि काळ्या तेलात तो चाचपडायच्या निमित्ताने त्यांना बराच वेळ मान खाली ठेवता आली होती.

केदार वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती. मुलगा वाईट असता तर दिगंबररावांना उघडपणे रागावता आलं असतं आणि चार लोकांनी त्यांची बाजूही घेतली असती. पण हा शांत, सरळ, वेळेवर येणारा. स्वयंपाक करायचा. सासूची चौकशी करायचा. गाडी लावली तर दोन रेघांच्या बरोबर मध्ये. दिगंबररावांना त्याच्यात एकच दोष सापडला होता, तो म्हणजे त्याला गाडीतलं काही कळत नव्हतं. आणि या एका दोषावर त्यांनी जावयाला जवळजवळ स्वीकारलं होतं.

मग दसऱ्याला स्वरालीने नवी मोटरसायकल घेतली. जुनी विकून टाकली. केदारबरोबर जाऊन पसंत केली, केदारबरोबर जाऊन आणली, आणि आधी पहिलं सर्व्हिसिंग कंपनीत करून घेऊन मगच आईवडिलांना दाखवायला आली. "छान आहे," दिगंबरराव गॅलरीतूनच म्हणाले. खाली उतरले नाहीत. गुडघा दुखतोय, असं सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

जानेवारीत त्यांच्या हिशेबाने दोन हजार भरत आले. त्यांनी परात घासून ठेवली, जुनी वर्तमानपत्रं काढून ठेवली. शनिवारी संध्याकाळी स्वरालीचा फोन आला.

"बाबा, या गाडीचं ऑइल आता सहा हजारला बदलायचं. फुल सिंथेटिक आहे. केदारने सगळं पुस्तक वाचलं."

"सगळं?"

"अगदी सगळं."

"छान. परीक्षा कधी आहे त्यांची?"

ती हसली. "म्हणजे मग आता एकदम उन्हाळ्यात येते गाडी घेऊन," असं म्हणून तिने फोन आईला द्यायला सांगितला. दिगंबररावांनी फोन दिला आणि परात माळ्यावर टाकली, तीही अशी की तिचा आवाज शेजारी ऐकू जावा.

"तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं झालंय?" फोन झाल्यावर हेमाताईंनी विचारलं.

"काही नाही. इंजिनाची काळजी वाटतेय."

"इंजिनाची?"

"मग काय तुझी?"

पण जळफळाट काही लपत नव्हता. ऑइलचं त्यांना एवढं काही वाटलं नसतं. ज्या पोरीने आजवर टायरमधल्या हवेपासून बॉसच्या स्वभावापर्यंत सगळं त्यांना विचारलं, ती आता "केदार म्हणाला" असं म्हणत होती. आणि ज्याला स्पार्क प्लग आणि मोबाइलचा प्लग यांतला फरक कळत नव्हता, तो त्यांच्या खात्यात येऊन बसला होता. शिवाय परातीशेजारी बसून ती जे बोलायची, ते आता कुठे बोलत असेल? केदारशी. पाना न उचलता, हात काळे न करता, सोफ्यावर बसल्या बसल्या त्याला ते ऐकायला मिळत असेल. या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

ते नाना पेठेत बद्रीनाथच्या दुकानात गेले. स्पेअर पार्ट आणि ऑइलचं दुकान. दिगंबररावांचा कित्येक वर्षांचा राबता. आपल्या बाजूचा एक तरी माणूस सापडावा एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"सहा हजार म्हणजे इंजिनाचा खूनच की हो," ते म्हणाले.

"नाही काका, आता टिकतं ऑइल. तुमच्या वेळचं वेगळं होतं."

"माझी वेळ संपली असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसं नाही हो काका."

"मग कसं?"

बद्रीनाथ शहाणा माणूस. त्याने उत्तर न देता चहा मागवला. दिगंबररावांनी चहा घेतला, आणि स्वरालीच्या गाडीला चालेल असा सिंथेटिकचा महागडा डबा विकत घेऊन घरी आले. संधी कधी येईल सांगता येत नाही, डबा हाताशी असावा.

संधी हेमाताईंच्या वाढदिवसाला आली. रविवारच होता. स्वराली आणि केदार सकाळीच आले, नव्या गाडीवरून. केदारने घरून दहीवडे करून आणले होते. हेमाताईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, माझ्यापेक्षा छान झालेत." दहीवडे खरोखरच उत्तम झाले होते, म्हणून दिगंबररावांनी दोनच खाल्ले. समोर स्वराली केदारच्या ताटलीतून उचलून खात होती. लहानपणी ती असं त्यांच्या ताटलीतून उचलायची. दिगंबरराव उठले.

"दही घेऊन येतो."

"ढीगभर आहे दही," हेमाताई म्हणाल्या.

"मग कोथिंबीर," असं म्हणून त्यांनी चप्पल पायात सरकवली.

खाली पार्किंगमध्ये त्यांची स्वतःची जुनी मोटरसायकल भिंतीला लागून उभी होती, आणि तिच्या शेजारी ती नवी, चकचकीत. डिपस्टिक काढून नव्या गाडीचं ऑइल बघावं असं त्यांच्या मनात आलं. इंजिनात बुडवलेली ती सळई बाहेर काढली, पुसली, की तेल किती आहे, कसं आहे, सगळं कळतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पण हात पुढे होईना. बघितलं आणि ऑइल स्वच्छ निघालं तर? मग तर संपलंच. न बघितलेलं बरं. ते तसेच घुटमळत उभे राहिले, आणि मग त्यांचा हात आपल्या जुन्या गाडीकडे गेला.

जुन्या गाडीचं ऑइल त्यांनी बरेच महिने बदललं नव्हतं. दुनियेला दोन हजारचा दंडक घालून देणाऱ्या माणसाला हल्ली एकट्याने परात मांडावीशी वाटत नव्हती. त्यांनी तिची डिपस्टिक काढली आणि खिशातल्या पांढऱ्या फडक्यावर पुसली. काळंकुट्ट. त्यांनी फडक्याची घडी केली, आणि मनाला काही विचार करायला सवड न देता जिना चढले. कोथिंबीर राहिलीच.

"हे बघा," त्यांनी फडकं टेबलावर दहीवड्यांच्या शेजारी उलगडलं.

"अहो, खायच्या टेबलावर!" हेमाताई ओरडल्या.

"स्वराली, तुझ्या गाडीचं ऑइल आहे हे. आत्ता डिपस्टिक काढून बघून आलो. सहा हजार म्हणे! तीन तरी झाले का? बघा केदारराव, पुस्तकात याचा फोटो आहे का?"

केदारने फडक्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर कळ आल्यासारखी दिसली आणि त्याने तोंड मिटलं. वर्मी लागलं, दिगंबररावांना वाटलं.

"हो... काळं आहे खरं," केदार म्हणाला.

स्वराली फडक्याकडे बघत होती. "मग बदलूया की," ती म्हणाली. "जेवणाआधीच बदलू. आहे का ऑइल?"

ऑइल आहे का! दिगंबररावांनी माळ्यावरून परात काढली, कपाटामागून डबा काढला, पाने घेतले, आणि ते जिना असे उतरले की दुखऱ्या गुडघ्याचं कोणाला नावही आठवू नये. मागोमाग स्वराली. आणि तिच्या मागे, कोणीही न बोलावता, केदार.

"तुम्ही कशाला? शर्ट खराब होईल," दिगंबरराव म्हणाले.

"असू दे बाबा. मी परात धरतो."

दिगंबररावांना परात धरायला कोणीही नको होतं. परात जमिनीवर ठेवतात, ती धरावी लागत नाही. पण विजय झालेला माणूस जरा उदार होतो. त्यांनी गाडी स्टँडवर सरळ उभी करून घेतली, वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला आणि खाली बसले. आधी वरून डिपस्टिक सैल करायची, म्हणजे हवा आत जाते आणि तेल नीट उतरतं. त्यांनी उजव्या बाजूला हात घातला. झाकण होतं. फिरवून काढलं. पण झाकणाला सळई नव्हती. त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. मग आणखी वाकून, सगळ्या बाजूंनी शोधलं. डिपस्टिक कुठेच नव्हती. तिच्याऐवजी इंजिनाच्या खालच्या अंगाला रुपयाएवढी गोल काच बसवलेली होती, आतलं तेल बाहेरून दिसावं म्हणून. आणि त्या काचेत पिवळंधमक, ताज्या मधासारखं ऑइल दिसत होतं.

दिगंबररावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जी डिपस्टिक या गाडीला नव्हतीच, ती काढून आपण पुसून आलो होतो. दसऱ्यापासून रुसून एकदाही या गाडीजवळ वाकलो नाही, त्याचं हे फळ. त्यांनी नजर वर केली. केदार परात दोन्ही हातांनी धरून उकिडवा बसला होता, काचेसमोरच. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. याने पुस्तक वाचलंय. सगळं वाचलंय. डिपस्टिक म्हटल्याबरोबर याला कळलं असणार. आणि तरी हा गप्प बसला. म्हाताऱ्याची अब्रू राखली.

लाज वाटलीच. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त झोंबलं. नट उघडून हे चांगलं ऑइल परातीत सोडलं असतं, तर गोष्ट तिथेच मिटली असती. स्वराली पुन्हा दर दोन महिन्यांनी आली असती. पण ती केदारच्या कृपेने आली असती. दर वेळी पाना हातात घेताना दिगंबररावांना माहीत असतं की हा रविवार जावयाने आपल्याला दान केलेला आहे. पोरगी तर त्याची झालीच होती. आता तिच्या येण्यावरही त्याचेच उपकार? छे. त्यापेक्षा पोरीसमोर खोटारडा ठरलेलं परवडलं. लोक काय काय कारणांनी खरं बोलतात. दिगंबरराव निव्वळ मत्सरापोटी खरं बोलले.

"स्वराली," त्यांनी पाना खाली ठेवला. "त्या फडक्यावरचं तेल माझ्या गाडीचं होतं."

"माहितीये," स्वराली म्हणाली.

"काय माहितीये?"

"या गाडीला डिपस्टिक नाहीये, बाबा."

दिगंबरराव जावयाकडे वळले. "आणि तुम्ही, केदारराव? तुम्हालाही कळलं होतं. तरी बोलला नाहीत. फार मोठं मन आहे तुमचं. आभारी आहे."

केदार कावराबावरा झाला. "नाही हो बाबा. मी सांगणारच होतो की या गाडीला डिपस्टिक नसते. हिने टेबलाखाली पाय दाबला माझा. टाचेने. अजून ठणकतोय."

हे ऐकून दिगंबररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे मोठं मन वगैरे काही नव्हतंच! हा तर भर टेबलावर त्यांना तोंडघशी पाडायलाच निघाला होता. वाचवलं ते लेकीने. नवऱ्याचा पाय चेचून बापाला वाचवलं. इतक्या ओशाळवाण्या प्रसंगातही त्यांना हसू आवरेना.

"हसू नका," स्वराली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "रस्त्यात इंजिनाचा जरा वेगळा आवाज आला की मी तुम्हाला फोन करते. केदारला नाही करत. गाडीच्या बाबतीत माझा बाप कधी खोटं बोलत नाही म्हणून करते. आता पुढच्या वेळी तुम्ही सांगाल ते खरं कशावरून समजायचं मी?"

दिगंबररावांचं हसू जागच्या जागी थिजलं. केदारला नाही करत. खरंच की, गेल्या आठवड्यातसुद्धा ऑफिसच्या गेटवरून तिचा फोन आला होता. ज्या गोष्टीसाठी ते इतके दिवस जळत होते ती त्यांच्याच हातात होती, आणि ती त्यांनी एका फडक्यापायी पणाला लावली होती. त्यांना एकदम रडायला येईल असं वाटलं.

"दोन हजारला तू यायचीस," ते म्हणाले. "सहा हजारला मग कधी येणार?"

स्वराली उसळली. "मग तसं विचारायचं ना, बाबा! ऑइल कशाला मध्ये घालायचं? मी बसने येईन, रिक्षाने येईन. मुलीला ये म्हणून सांगायला काय झालं?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

दिगंबररावांनी पाना उचलून केदारकडे बोट केल्यासारखं केलं. "यांची. मला यांचा हेवा वाटतो."

"माझा?" केदारच्या हातातली परात कलंडली.

"तुमचाच. इथे दुसरं कोण आहे?"

केदारने परात हळूच खाली ठेवली. दिगंबररावांनी झाकण पुन्हा बसवलं, हाताने घट्ट केलं, वरून रुमाल फिरवला. "ऑइलला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "सहा हजारलाच बदला." हे शब्द तोंडातून निघायला त्यांना दाढ काढताना होतो तेवढा त्रास झाला, पण निघाले. मग उठायला म्हणून त्यांनी मागच्या चाकाला हात टेकला, आणि हात तिथेच राहिला.

"ही चेन कोणी बघितलीये का?"

चेन कोरडी ठणठणीत होती. हिंजवडीची सगळी धूळ तिच्यावर बसली होती, आणि एका बाजूला गंजाची बारीक लालसर रेघ उमटली होती. दिगंबररावांनी तिच्यावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. यात खोटं काही नव्हतं.

"केदारराव, चेनचं काय लिहिलंय पुस्तकात?"

केदारचा चेहरा पडला. "पाचशेला. दर पाचशे किलोमीटरला साफ करून तेल लावायचं. ते... राहिलंच."

"राहिलंच," दिगंबरराव म्हणाले. इतकं गोड वाक्य त्यांना लांबवायचं नव्हतं.

स्वराली बापाकडे बघत होती. पाचशे म्हणजे तिच्या रपेटीचे दोन आठवडे, हा हिशेब तिलाही येत होता. तिने दुपट्टा कमरेला खोचला आणि ती तिथेच वर्तमानपत्रावर मांडी घालून बसली.

"केदार, तू वर जा. आईला सांग, जेवायला उशीर होईल."

"मी थांबतो की मदतीला."

"जा ना."

केदार गेला. किंचित लंगडत होता. जिन्याच्या वळणावरून तो दिसेनासा होईपर्यंत दिगंबररावांनी चेनला हात लावला नाही. मग त्यांनी कोपऱ्यात ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवला आणि चेन अगदी सावकाश, एकेक कडी करत घासायला सुरुवात केली.

"हं," ते म्हणाले, "ऑफिसात काय चाललंय?"